त्या दिवशी वारं नव्हतं

आमच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्याची एक खोली आहे. त्या खोलीसाठी दर उन्हाळ्यात पालकांची भांडणं होतात. एका वर्षी तिथं राहणारा मुलगा डॉक्टरकीच्या परीक्षेत वर आला. पुढच्या वर्षीचाही आला. तेव्हापासून ती नशिबाची खोली झाली. खोलीला उजेड कमी, बाथरूमचा वास सरळ आत येतो, पण माझा मुलगा तिचं भाडं जास्त घेतो आणि लोक देतात. मधल्या एका वर्षी त्याच खोलीतला पोरगा परीक्षेच्या आधी बॅग उचलून गावाकडं निघून गेला, हे कुणी कुणाला सांगत नाही. मी एकदा एका पालकाला सांगू लागलो, तर मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही आत जाऊन पेपर वाचा की."

मी आत गेलो. पेपर वाचला नाही.

नशीब हा शब्द ऐकला की मला मळमळ होते. आज नाही, फार वर्षांपासून. योगायोग हा शब्द मला चालतो. योगायोग म्हणजे जे झालं ते, कुणाकडे न बघता झालेलं. गारा पडतात, बस चुकते, भाव वाढतो. त्यात कुणाचं काही नसतं. मग घरात माणसं बसतात आणि त्या झालेल्या गोष्टीचं श्रेय नाहीतर खापर लावायला एक माणूस शोधतात. माणूस सापडला की त्याला नशीब म्हणतात. आमच्या घराला माणूस सापडला होता. तो मीच मिळवून दिला होता. ते आता लिहून ठेवतो.

वसतिगृहाच्या जागेवर पूर्वी आमची दाल मिल होती. लातुरात तेव्हा आमच्यासारख्या लिंगायत व्यापाऱ्यांच्या बऱ्याच मिली होत्या. मागं मोठं फरशीचं मैदान. तुरीला तेलाचा हात देऊन ती त्या मैदानात उन्हात वाळत घालायची, मग भरडायची. संध्याकाळी किंवा आभाळ आलं की फावड्यानं तूर ओढून रास करायची आणि वर ताडपत्री टाकून कडेनं दगड ठेवायचे. तेल लावलेल्या तुरीला पाणी लागलं की संपलं. ती फुगते, चिकट होते आणि आंबते.

आमच्या घरात एक पद्धत होती. नवी सून आली की दुसऱ्या दिवशी तिला मिलमध्ये नेत. तिनं तुरीच्या राशीला कुंकू लावायचं, एक फेरी मारायची आणि उजव्या पायाचा अंगठा राशीला हलकेच टेकवायचा. तिचा पाय लागला की धंद्याला बरकत. उंबऱ्यावरचं माप ओलांडणं सगळीकडेच असतं. आमचं माप मैदानभर पसरलेलं होतं, इतकंच.

थोरल्या भावाचं लग्न झालं ते फाल्गुनात. वहिनी नांदेडकडच्या, उमरीच्या. मॅट्रिक झालेल्या, उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं, म्हणून रास झाकलेली होती. वहिनींना मिलमध्ये आणायचं म्हणून अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ताडपत्र्या काढायला सांगितलं. हमालांना लग्नाच्या जेवणाची सुट्टी होती. मी आणि भावानं मिळून ताडपत्र्या ओढल्या आणि घडी करून भिंतीला लावून ठेवल्या. वहिनींनी कुंकू लावलं, फेरी मारली. पाय टेकवताना तूर सरकली आणि त्यांचा पाय घोट्यापर्यंत राशीत गेला. बायका हसल्या. अव्वा, म्हणजे आई, म्हणाली, "बरं झालं, लक्ष्मी आत शिरली."

मंडळी निघाली. अप्पा जाता जाता मला म्हणाले, "झाकून घे लगेच. आभाळाचा भरवसा न्हाई."

"हाव," म्हणालो.

फाटकावर माझा एक मित्र उभा होता. दुपारच्या खेळाची तिकिटं त्यानं आधीच काढली होती. मी एकदा आभाळाकडं बघितलं. पश्चिमेकडं थोडं ऊन पडलं होतं. तीन तासांत काय होतंय, असं वाटलं. एकट्यानं ताडपत्र्या ओढायचा कंटाळाही आला होता, हेही लिहिलं पाहिजे. मी गेलो.

मध्यंतराच्या आधीच थिएटरच्या पत्र्यावर गारा वाजायला लागल्या. आवाज इतका की पडद्यावरचं बोलणं ऐकू येईना. लोक शिट्ट्या मारत होते, कुणीतरी ओरडलं, "अरे, भज्याची ऑर्डर द्या!" मला ताडपत्री आठवली. त्याच क्षणी हेही कळलं की आता पळून काही उपयोग नाही. भिजायचं ते भिजलं. मी उठलो नाही. मध्यंतरानंतरचा सिनेमा मी पूर्ण बघितला.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. विसरणं वेगळं. तरणा होतो, विसरलो, असं म्हणून माणूस सुटू शकतो. पण मला आठवलं होतं आणि मी बसून राहिलो होतो.

मिलमध्ये गेलो तेव्हा पाऊस थांबला होता. राशीचा चिखल झाला होता, वर गारांचा पांढरा थर. घरचं अजून कुणी पोचलं नव्हतं. भिंतीला लावलेल्या ताडपत्र्या जशाच्या तशा होत्या, घडीसुद्धा मोडली नव्हती. ती घडी मी मोडली. मी एक ताडपत्री ओढत नेली आणि कुंपणाच्या तारेवर टाकली. दुसरी मैदानाच्या पलीकडं, हौदाच्या कडेला टाकली. दगड इकडंतिकडं फेकले. हे सगळं मी फार बारकाईनं केलं. वारं कसं वागलं असतं याचा विचार करून केलं.

अप्पा आले. राशीसमोर उभे राहिले.

"झाकली न्हवती का?"

"झाकली हुती. वाऱ्यानं उडाली."

त्यांनी तारेवरची ताडपत्री बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "एवढी जड ताडपत्री. दगडासकट." आणि मान हलवली. मला वाटलं, सापडलो. पण त्यांच्या मनात दुसरंच चाललं होतं. ती ताडपत्री नुसत्या वाऱ्यानं उडणं शक्य नव्हतं हे त्यांनाही दिसत होतं, आणि म्हणूनच त्यात त्यांना वाऱ्यापेक्षा मोठं काहीतरी दिसलं. सकाळी सून आली, दुपारी गारा आल्या. रात्रीच्या पंगतीपर्यंत घरात शब्द तयार होता. पायगुण.

पुढं काही दिवस ती तूर मैदानात पडून होती. विकता येईना, जनावरांनाही घालता येईना. तिला आंबूस, कुजका, गोडसर असा वास सुटला. तो मिलमधून गल्लीत आणि गल्लीतून घरात आला. हात घातला तर बोटांना तार सुटायची. हमाल नाकाला गमचा बांधून फावड्यानं भरत होते. घरातली कुठलीही बाई कपाळाला हात लावून म्हणायची, "काय वास हो हा," आणि तिचा डोळा वहिनींच्या खोलीकडं जायचा. जणू वास तिकडूनच येत होता. तो वास अजून माझ्या नाकात आहे. नशीब शब्द ऐकला की तोच येतो.

सुरुवातीला वहिनी हे सगळं हसण्यावारी न्यायच्या. मला ताट वाढताना म्हणायच्या, "काय भावजी, गारा काय माझ्या माहेराहून आल्या का? उमरीत पिकवतो का आम्ही गारा?" मी हसायचो. हसून भाकरी मोडायचो. भावाला म्हणायच्या, "तुम्ही तरी सांगा की अप्पांना." भाऊ म्हणायचा, "सोड. स्वभाव हाय त्यांचा."

मग त्यांचं पहिलं मूल पोटातच गेलं. त्यानंतर त्यांनी गारांची चेष्टा कधी केली नाही.

पुन्हा त्या मिलमध्ये आल्या नाहीत. कुणी येऊ नका म्हणालं नाही. फक्त बोलावलं नाही. सकाळी अप्पा बाजारात सौद्याला निघाले की अव्वा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबायची. तोंडानं काही नाही. वहिनी ओळखायच्या आणि चुलीमागं सरकायच्या. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्या कोपराकडं ओढून धरायच्या. अप्पांच्या वहाणांचा आवाज फाटकाबाहेर गेला की बांगड्या सोडायच्या. हे मी रोज चहा पीत पीत बघत होतो. आमच्यात अंगाला विभूती लावल्याशिवाय माणूस घराबाहेर पडत नाही. मीही रोज लावत होतो, तीन बोटांनी, नीट.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. माझ्या बायकोनं राशीला पाय लावला, आणि त्या साली कुठंतरी पाऊस कमी पडला, तुरीचा भाव चढला. आमच्याकडं स्वस्तात घेतलेला माल पडून होता. अप्पांनी पांढऱ्या कापडावर कुंकवाच्या पाण्यानं तिची पावलं उमटवून घेतली आणि चौकटीत घालून गादीवर, म्हणजे आमच्या व्यवहाराच्या खोलीत, लावली. नवी खरेदी आली की तिला बोलावणं जायचं. तिला ते आवडायचं. का आवडू नये? तिचा दोष नाही. पण पापड लाटताना ती वहिनींना फार मायेनं म्हणायची, "ताई, तुम्ही राहू द्या, पहिला मी लाटते." त्या मायेची मला जेवढी शिसारी येते तेवढी अप्पांच्या रागाचीही येत नाही.

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. मिल गेली, वसतिगृह आलं. ती चौकट मुलानं वसतिगृहाच्या ऑफिसात लावली आहे, दर शुक्रवारी हार घालतो. बाहेरगावचे पालक ती कुठल्या देवीची पावलं समजतात. हात जोडतात, मुलांना वाकायला लावतात. मी समोर खुर्चीत बसलेला असतो.

नशिबाचं हे सगळं खोटं, हे कळायला मला अवघड नव्हतं. आमच्या घरात ते एकानं स्पष्ट सांगितलंही होतं. माझा एक मावसभाऊ किल्लारीचा. भूकंपात त्याचं घर बसलं, त्याची आई गेली. तो वाचला. पुढं काही महिन्यांनी तो आमच्याकडं आला, तेव्हा अप्पा थकले होते, पण बोलणं तेच. म्हणाले, "तू नशीबवान रे बाबा."

त्यानं कप खाली ठेवला.

"काका, म्हैस सुटली हुती. तिला शोधायला शेतात गेलो, तिथंच आडवा झालो. म्हैस सुटली नसती तर मी घरात हुतो."

"तेच म्हणतोय मी. नशीब."

"कुणाचं, म्हशीचं? का माझं? माझं चांगलं म्हणलं तर मायचं वाईट हुतं म्हणावं लागतंय. तिनं काय केलं हुतं? ती नुसती झोपली हुती."

अप्पा म्हणाले, "ज्याचं त्याचं."

तो उठून गेला. चहा तसाच होता. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी येऊन कप उचलला, आणि उचलताना माझ्याकडं बघितलं. त्यांना काही विचारायचं असावं. मी वर्तमानपत्र पुढं धरलं.

अप्पा गेले, अव्वा गेली, भाऊ गेला. पायगुणाची गोष्ट काढणारं कुणी उरलं नाही. मला वाटलं, विषय संपला. आता माझ्या बोलण्यानं कुणाला काय फरक पडणार, असं मी स्वतःला सांगत राहिलो. वहिनी आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहतात, पुढं झालेली त्यांची लेक पुण्याहून पैसे पाठवते, देवाला फुलं वाहतात, मालिका बघतात. बऱ्या आहेत.

यंदा उमरीहून फोन आला. वहिनींच्या धाकट्या भावाला अर्धांगाचा झटका आला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. वहिनींबरोबर जायला कुणी मोकळं नव्हतं, म्हणून मी निघालो. लातूरहून नांदेडला एसटीनं, तिथून उमरीला दुसऱ्या गाडीनं, पुढं ऑटो. वाटेत वहिनी भावाबद्दलच बोलत होत्या. लहानपणी तो कसा त्यांच्या पाठीवर बसून शाळेत यायचा, नोकरी लागल्यावर पहिलं लुगडं कसं त्यांना आणलं.

ऑटो दाराशी थांबला. मी पिशव्या उतरवेपर्यंत वहिनी घराच्या बाजूच्या बोळात शिरल्या. मला वाटलं, मागून रस्ता असेल. गेलो तर त्या सांडपाण्याच्या नालीवरच्या फरशीवर उभ्या होत्या. खिडकीचे गज धरून. खिडकीच्या आत पलंग, पलंगावर भाऊ. वहिनींचा हात गजातून आत गेला होता आणि त्या त्याच्या केसांवरून हात फिरवत होत्या. नालीत आंबलेलं अन्न पडलं होतं. त्याचा वास मला ओळखीचा वाटला.

आतून त्याची बायको म्हणाली, "वन्सं, आज तरी आत या. तुमच्या पाया पडते. किती वर्षं अशा खिडकीतून बोलणार?"

"नगं गं. हितंच बरी हाय मी. आधीच त्यो असा झालाय."

भाऊ तोंड वाकडं करून काहीतरी म्हणाला. 'ये' एवढंच कळलं.

मला हे माहीत नव्हतं. त्याच्या बायकोनं सांगितलं. हे घर बांधलं तेव्हा घरभरणीला वहिनी फाटकात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. तेव्हापासून आल्या की ओट्यावर बसतात. भाऊ बाहेर येऊन बसायचा. आता त्याला येता येत नाही, म्हणून खिडकी. पुण्यात लेकीच्या घरीही त्या पहिल्यांदा गेल्या त्या घर जुनं झाल्यावर.

अप्पांनी त्यांना मिलपासून तोडलं होतं. बाकी सगळीकडून त्यांनी स्वतःला तोडलं होतं. त्यांनी ते खरं मानलं होतं. मला वाटत आलं होतं की त्या सोसतात, मनातून हसत असतील. हसत नव्हत्या. मी त्या बोळात उभा होतो आणि मला स्वतःच्या अंगाची किळस आली, अंगावर काहीतरी चिकटलंय अशी.

त्या दमून ओट्यावर येऊन बसल्या. मीही बसलो.

"वहिनी," मी म्हणालो, "त्या दिवशी वारं न्हवतं."

"कवा?"

"तुम्ही राशीला कुंकू लावलं त्या दिवशी. ताडपत्र्या उडाल्या न्हवत्या. मी टाकल्याच न्हाईत."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "तारेवर हुती की एक. मी बघितली हुती नंतर, फाटकातून."

"ती मी टाकली. नंतर. उडाल्यासारखं दिसावं म्हणून."

"आणि तुम्ही कुठं हुता?"

"सिनेमाला."

"गारा पडल्या तवा?"

"सिनेमातच. आवाज ऐकला. उठलो न्हाई."

"मग?"

"पूर्ण बघून आलो."

वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. रस्त्यावरून एक फेरीवाला ओरडत गेला.

"चांगला हुता का सिनेमा?" त्यांनी विचारलं.

मी पायाजवळची पिशवी सरळ केली.

"न्हाई, सांगा की. एवढा बघितला तर चांगलाच असंल."

"वहिनी, माझी चूक—"

"चूक माझ्या लक्षात आली, भावजी. बहिरी न्हाई मी." त्यांचा आवाज चढला नव्हता. "गारा आल्या, त्या येणारच हुत्या. त्याचं मला काही न्हाई. ताडपत्री ऱ्हायली, तीही ऱ्हाती माणसाकडनं. पण त्यानंतर रोज सकाळी मी चुलीमागं बसायची तवा तुम्ही समोर चहा पीत हुता. कपबशीचा आवाज यायचा मला. माझं लेकरू गेलं तवा मी काय समजले असंल, याचा इचार केला का कधी?"

केला होता. केला होता म्हणून सांगितलं नव्हतं. हे वाक्य मला तोंडातून काढता आलं नाही. ते इथं लिहिलंय.

"आणि सांगताय कवा? आता," त्या म्हणाल्या. "सगळे मेल्यावर. ऐकायला कोण हाय? मी आणि हा ओटा."

त्या उठल्या. अंगणातल्या नळाखाली गेल्या, लुगडं घोट्यापर्यंत उचललं आणि पाय धुतले. बराच वेळ धुतले. टाचा घासल्या, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवलं. पाय पांढरेही नव्हते, काळेही नव्हते. म्हातारीचे पाय होते, नखं जाड झालेली, भेगा पडलेल्या. आतून भावाची बायको दाराशी आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

मी पिशव्या उचलल्या आणि मागोमाग निघालो.

उंबऱ्याशी वहिनी वळल्या. "तुम्ही हितंच बसा, भावजी," म्हणाल्या. "आत नका येऊ."

आणि त्या आत गेल्या. कोणता पाय आधी टाकला ते मी मुद्दाम बघितलं नाही.

मी ओट्यावर बसलो. बोळातल्या खिडकीतून आवाज येत होता. भाऊ रडत होता की हसत होता ते त्या वाकड्या आवाजावरून कळत नव्हतं. वहिनी म्हणत होत्या, "सरक की जरा, बसू दे मला." पलंग करकरला. मी न राहवून उठलो आणि बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. तिथून वहिनींची पाठ दिसत होती. भावाच्या उशाशी त्या मांडी घालून बसल्या होत्या.

त्यांना माझी चाहूल लागली असावी. मागं न बघता त्यांनी हात लांब केला आणि खिडकीचं दार ओढून घेतलं.